अर्धगोल काचेचं घर

३ नोव्हेंबर

इंची,

या नावानं तुला हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. दुसरं काही लिहून पाहिलं, पण ते सरकारी नोटिशीसारखं दिसायला लागलं, म्हणून कागद फाडला. लग्न होऊन आमच्याकडे आलीस त्याच आठवड्यात तू पर्समधून मोजपट्टी काढून आमचं स्वयंपाकघर मोजलं होतंस, आणि मी तुला इंची म्हणायला लागले. चार वर्षं झाली तू जाऊन. जिभेवरून नाव काही गेलेलं नाही.

कामापुरतं लिहिते. मी घर घेतलं. वळणावरचं, दारावर अर्धगोल रंगीत काच असलेलं. भाजी आणायला म्हणून आपण दोघी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायचो आणि तू समोरच्या फुटपाथवर थांबून मला एकेक दाखवायचीस. त्या काचेची शिशाची पट्टी बघ, त्या झडपांच्या फळ्या कशा तिरक्या बसवल्यात बघ. मी म्हणायचे, "अगं चल, भाजी संपेल." आणि तरीही थांबायचे. तर ते घर. मालक परदेशात त्यांच्या मुलाकडे निघाले होते, त्यांना ते घाईनं द्यायचं होतं.

मुलाला मी व्यवहार झाल्यावर सांगितलं. म्हणाला, "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "इतकी वर्षं नव्हतं, आत्ता कुठे आलंय." फ्लॅट त्याच्याकडेच राहू दिलाय. मी दोन ट्रंका आणि माझी आरामखुर्ची घेऊन इकडे मागच्या खोलीत राहायला आले.

आता प्रश्न. एक, जिन्याच्या कठड्याला रंगाचे इतके थर आहेत की कातीव खांबांची नक्षी पार बुजून गेली आहे. तो रंग काढायचा कसा? दोन, पुढच्या खोलीची भिंत कमरेपर्यंत ओली राहते. सिमेंटचा गिलावा आहे, तरी ओली. तीन, जमिनीवर कोणीतरी प्लास्टिकची चादर चिकटवली आहे, खाली काय असेल?

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. तुझ्या जुन्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, पत्र पाठवा, आम्ही पुढे पोचवू. पत्ता द्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. बरं वाटलं, खरं सांगते. कोणीतरी तुझी राखण करतंय.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण त्या कठड्याचं तेवढं सांग.

तुझी एके काळची सासू


१९ नोव्हेंबर

इंची,

उत्तर नाही, ते ठीकच आहे. मी आपली लिहिते.

सुतार मिळाला. माणूस साठीचा. फारसा बोलत नाही आणि बोललाच तर टोचून बोलतो. पहिल्या दिवशी त्यानं घरभर हिंडून चौकटी ठोकून पाहिल्या, जिन्यावर चढला, उतरला, आणि विचारलं, "बाई, घर बघून घेतलंत की ऐकून?"

"बघूनच. बाहेरून."

"ते दिसतंय," म्हणाला, आणि पायरीवर बसून चहा प्यायला.

मागच्या खिडकीची चौकट वाळवीनं पोखरलेली निघाली. बोट लावलं तर बोट आत गेलं. बाकीचं लाकूड मात्र सागवान आहे आणि शाबूत आहे, असं तो म्हणतो. म्हणताना त्याला थोडा आनंद झाल्यासारखा वाटला, पण लगेच त्यानं तोंड वाकडं करून घेतलं.

ती प्लास्टिकची चादर आम्ही दोघांनी मिळून उचलली. मी गुडघ्यांवर बसून कोपरा ओढत होते, तो पातं फिरवत होता. खाली फरश्या आहेत, इंची. विटकरी आणि राखाडी, मध्ये आठ पाकळ्यांचं फूल, कडेनं वेलीची किनार. डिंकानं मळलेल्या आहेत, पण फुटलेल्या सातच. दाराजवळ एक फरशी उलटी बसली आहे, फुलाचा पाव भाग भलतीकडे गेलाय. सुतार म्हणाला, "काढून सरळ बसवू?" मी म्हटलं, "राहू दे. बसवणाऱ्याचं लक्ष कुठेतरी गेलं असेल त्या दिवशी." तू काय म्हणाली असतीस, याचा मी दोन दिवस विचार करते आहे. तू बहुतेक त्या माणसाचं लक्ष कुठे गेलं असेल यावर मला एक लांबलचक गोष्ट रचून सांगितली असतीस.

रविवारी मुलगा आला होता. बूट न काढता दारातच उभा राहिला. म्हणाला, "हे पाडून इथे तीन मजले आरामात निघतील. वरचा मजला तुला." मग माझी रक्तदाबाची औषधं टेबलावर मोजून ठेवली, पंख्याची वायर कुरतडलेली होती ती बदलली, आणि गेला. माझी काळजी घेण्यात त्यानं कधी कसूर केली नाही. तुला हे वाचवत नसेल. मलाही लिहिताना त्रास होतोय. पण तो तसाही आहे.


८ डिसेंबर

इंची,

पाकीट आलं.

टपालवाल्यानं हाक मारली तेव्हा मी शिडीवर होते. पाकिटावरचे आकडे लांबूनच ओळखले आणि शिडीवरून उतरले कशी, ते सुतारालाच विचार. तो म्हणाला, "बाई, हाडं मोडली तर मी जोडत नाही."

आत पत्र नव्हतं. जिन्याच्या कठड्याचं चित्र होतं, खांबाचा उभा छेद, प्रत्येक वळसा वेगळा. न बघता काढलंस. म्हणजे फुटपाथवरून उघड्या दारातून जेवढं दिसायचं तेवढ्यावरून काढलंस, आणि मी फूटपट्टी लावून पाहिलं तर फरक जेमतेम बोटभराचा. खाली चार ओळी. "कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असतं. ओलं करून खरवडा, तोंडाला फडकं नको, चांगला मास्क लावा. सिमेंट काढून टाका, चुन्याच्या भिंतीवर चुनाच हवा, सिमेंटमुळे ओल आत कोंडते. फरश्यांना ॲसिड लावू नका."

एवढंच. वर नाव नाही, खाली नाव नाही.

घासू नका. लावू नका. तू मला कधी अहोजाहो केलं नव्हतंस. पहिल्या दिवसापासून "अगं आई". माझ्या बहिणींनी नाकं मुरडली होती, आणि मला मनातून गुदगुल्या झाल्या होत्या. आता तुझ्या प्रत्येक "नका"पाशी मी थांबते. पण तो कागद मी जिन्याशेजारच्या भिंतीवर लावलाय आणि येता-जाता वाचते. अपमान म्हणून वाचत नाही हं. अक्षर बघते.

आकडे थोडे डावीकडे झुकायला लागलेत तुझे. पूर्वी झुकत नसत.


३० डिसेंबर

इंची,

सिमेंट काढलं. चार दिवस घरात धुरळा, केसांत धुरळा, चहात धुरळा. आतली भिंत निघाली ती दगड आणि चुन्याची, चांगली दीड फूट जाड. चुन्याचं काम करणारी बाई आली होती, हातांना भेगा पडलेल्या, पण थापी अशी फिरवते की बघत राहावं. म्हणाली, "घाई करू नका. ही भिंत आधी सुकू दे, मग तिला कपडे घालू." पंधरा दिवसांत ओल चार बोटं खाली उतरली. मी पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या आहेत.

फॉल्स सीलिंगही काढलं. वर लाकडी तुळया आहेत आणि प्रत्येक तुळईच्या टोकाला कोरलेली एक कळी. पन्नास वर्षं त्या कोणी पाहिल्या नव्हत्या. सुतार मान वर करून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "ज्यानं हे झाकलं त्याला मी ओळखत नाही म्हणून तो वाचला."

वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिला उत्तरेचा उजेड येतो, दिवसभर सारखा, टेबलावर सावली पडत नाही. चित्र काढणाऱ्याला बरी. मी तिथल्या झडपा सगळ्यात आधी करून घेतल्या. सुतारानं विचारलं, "ही खोली कोणाची?"

"मुलीची."

"मुलगी आहे होय तुम्हाला? कधी येणार?"

मी म्हटलं, "नक्की नाही." दुसऱ्या दिवशी त्यानं न सांगता त्या खिडकीखाली एक रुंद फळी बसवली, कोपर टेकता येईल अशा उंचीची.

आज दुपारी मुलगा आला होता. तो पुन्हा लग्न करतोय. बाई चांगली आहे म्हणे, बँकेत नोकरीला आहे, तिचंही पहिलं लग्न मोडलेलं. तिला आणि तिच्या मोठ्या बहिणीला तो मला भेटायला आणणार आहे. निघताना म्हणाला, "त्या पहिल्या लग्नाबद्दल विचारतील, आई. तुझं एक वाक्य पुरे. तेव्हा म्हणाली होतीस तसंच."

तेव्हा म्हणाले होते तसंच.

इंची, मी तुला इतके दिवस फरश्या आणि भिंतींबद्दल लिहिते आहे. मला लिहायचं होतं ते हे नाही, हे तुला पहिल्या पत्रातच कळलं असणार. पुढच्या खेपेला लिहीन. आज हात चालत नाही.


१७ जानेवारी

इंची,

हे एका बैठकीत लिहून टाकते, नाहीतर पुन्हा चुन्यावर जाईन.

तो बुधवार होता, संध्याकाळचे सात. मी स्वयंपाकघरात, तुम्ही दोघं तुमच्या खोलीत. आधी त्याचा आवाज आला, मग तुझा, मग कपाटावर काहीतरी आदळलं. ते काहीतरी म्हणजे तू आहेस, हे मला कळलं. मी मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं. झाकण हातानं दाबून धरलं आणि तो रिकामा फिरवत राहिले. बंद केला तेव्हा घरात शांतता होती. मी जेवायला वाढलं आणि तुम्हाला हाक मारली.

ती पहिली वेळ नव्हती, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही होतं.

दवाखान्यात डॉक्टरांना मी म्हणाले, बाथरूममध्ये घसरली. तू माझ्याकडे बघितलंस. उजवं मनगट, चित्रं काढायचा हात. पुढे त्या समुपदेशनाच्या ऑफिसात बाईंनी विचारलं, "तुम्ही काही पाहिलंत का?" मी म्हटलं, "नाही, मी काही पाहिलं नाही." खोटं नव्हतं ते. मी फक्त ऐकलं होतं. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. लाइन जोडून द्यायची, कानावर पडेल ते पडू द्यायचं आणि न ऐकल्यासारखं बाजूला व्हायचं. त्यात मी इतकी तरबेज झाले होते की बढती मिळाली.

मग तुझे बाबा आले. आमच्या दिवाणखान्यात खुर्चीच्या टोकावर बसले. म्हणाले, "ताई, तुम्ही आई आहात. खरं काय ते तुम्हीच सांगा, मी तुमच्या शब्दावर जाईन." मी म्हणाले, "आमच्या घरात कोणी आवाजसुद्धा चढवत नाही. ती जरा हळवी आहे, मनाला लावून घेते." ते उठले, मला नमस्कार केला. तुला त्यांनी सांगितलं की नवऱ्याकडे परत जायचं नसेल तर माझ्या दारातही येऊ नकोस. तू दोन्हीकडे गेली नाहीस. तुझं माहेर माझ्या त्या एका वाक्यानं तुटलं.

त्याच्या वडिलांचा मार मी चौदा वर्षं खाल्ला. ते गेले तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता, आणि त्याआधी तो दाराआडून बघायचा. हे मी कारण म्हणून सांगत नाही. उलट, मला तर सगळ्यात आधी कळायला हवं होतं. मला कळलंही होतं. पण मला वाटलं, कबूल केलं तर मुलगा जाईल. सून गेली तर दुसरी येते, असा विचार मी केला. आणि दुसरी यायची वेळ आली.

रविवारी ते तिघं आले. ती बाई पस्तिशीची असेल. तिनं आत आल्या आल्या फरशीवरच्या फुलाकडे बघितलं आणि चप्पल काढून कडेनं चालत आली, फुलावर पाय न देता. मुलगा छान बोलत होता. तो नेहमीच छान बोलतो. तिची बहीण शेवटी म्हणाली, "राग मानू नका, पण विचारायला हवं. तुमच्या पहिल्या सूनबाई का गेल्या?"

तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हा तिला मारायचा, म्हणून गेली. तिचं मनगट मोडलं होतं. घसरून पडली, असं दवाखान्यात मी सांगितलं."

बहिणीनं पर्स उचलली. ती बाई म्हणाली, "मला जरा पाणी मिळेल?" मी दिलं. तिनं सगळं पाणी पिऊन पेला माझ्या हातात दिला आणि हात क्षणभर तसाच ठेवला. मग त्या दोघी गेल्या.

मुलगा उभाच होता. हळू आवाजात म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, "नाही." तो गेला. त्यानंतर फोन नाही. मी केला तर उचलत नाही.

मी काही मोठं काम केलं असं समजू नकोस. जे चार वर्षांपूर्वी करायचं होतं ते भलत्याच बाईसाठी केलं, तुझ्यासाठी नाही. माफी मागायला शब्द शोधत होते. सापडले ते सगळे मलाच बरं वाटावं असे होते, म्हणून लिहीत नाही.


२० फेब्रुवारी

इंची,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "मिक्सर रिकामा होता हे मला तेव्हाच कळलं होतं, भरलेल्या मिक्सरचा आवाज वेगळा असतो."

मी ते वाचलं आणि जिन्यावर बसले. सुतार वरून उतरत होता, त्याला वाट हवी होती, पण तोही दोन पायऱ्या वर बसून राहिला. म्हणजे तुला माहीत होतं. मी ऐकतेय हे तुला कळत होतं आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला विचारलंस, "आई, तुझे गुडघे कसे आहेत?"

तुझ्या बाबांकडे जाऊन आले. सांगायला हवं म्हणून सांगते. तुझी परवानगी घ्यायला हवी होती, पण तू नको म्हणाली असतीस तर मी गेले नसते, आणि मला जायचं होतं. बसनं पाच तास. त्यांनी दार उघडलं आणि मला ओळखलं नाही. खूप थकलेत. चष्मा पुसत पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिक्सरसकट. मला वाटलं ओरडतील, निदान हाकलून देतील. मी त्या तयारीनं गेले होते.

ते म्हणाले, "पहिलं वर्षभर ती दर रविवारी फोन करायची. मी उचलत नव्हतो. पण त्या वेळेला घरातच थांबायचो, वाजताना ऐकायला."

मग म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात ताई, पण मला ते ऐकायचंच होतं. तुम्ही खरं बोलला असतात तर मला मुलीला घरी आणावं लागलं असतं, लोकांना तोंड द्यावं लागलं असतं. तुम्ही माझी सुटका केलीत." हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. मला बसस्टॉपवर सोडायला आले. बस लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो, दोन म्हातारी माणसं, एकमेकांकडे न बघता. तुझा नंबर बदललाय म्हणाले. मी तुझ्या ऑफिसातल्या बाईंचा नंबर त्यांना दिला.

इकडचं सांगायचं तर कठडा मोकळा झाला. अकरा थर होते. शेवटचा हिरवा होता, त्याखाली लाकूड. हाताला गुळगुळीत लागतं. जिन्यावरून जाताना विनाकारण हात फिरवते. अर्धगोल काचेचे तीन तुकडे बदलावे लागले, लाल मिळाला, पिवळा मिळाला, निळा मात्र तसा मिळाला नाही, जरा फिका आहे. सकाळी ऊन आलं की फरशीवर रंग पडतात आणि तासाभरात सरकत भिंतीपाशी जातात.

मुलाचा फोन नाही. मी रोज वाट बघते, हे तुझ्यापासून लपवणार नाही. तुझीही बघते. एकाच खिडकीत बसून दोघांची वाट बघणं बरोबर आहे का, मला माहीत नाही.


२ एप्रिल

इंची,

तू येऊन गेलीस त्याला आज आठ दिवस झाले. तेव्हा बोलता आलं नाही ते लिहिते.

सुतारानं तुला आधी पाहिलं. म्हणाला, "समोरच्या फुटपाथवर एक बाई मघापासून उभी आहे, घराकडे बघतेय. पाडायला आलीय की विकत घ्यायला?" मी खिडकीतून बघितलं आणि तिथेच उभी राहिले. दार उघडायला तोच गेला. तू आत आलीस ती माझ्याकडे न बघता सरळ भिंतीकडे गेलीस, तळहात टेकवलास आणि म्हणालीस, "सुकली." मग म्हणालीस, "बाबांकडे निघालेय. त्यांनी फोन केला होता. वाटेत उतरले."

तू सहा तास होतीस. मी मोजत नव्हते, पण माहीत आहे. तू सुताराशी झडपेच्या बिजागरीवरून वाद घातलास आणि त्यानं ऐकलं. तो माझं कधी ऐकत नाही. फिक्या निळ्या काचेच्या कडेची पुट्टी नीट बसली नव्हती, ती तू खरवडून पुन्हा भरलीस, डाव्या हातानं. उजवा हात तू मांडीवर ठेवतेस हे मी पाहिलं. मला पाहताना तूही पाहिलंस. पांढरे केस आलेत तुझ्या कानाशी, थोडे. माझ्या माघारी आले.

मग वर गेलो. तू उत्तरेच्या खिडकीशी उभी राहिलीस, त्या फळीवर कोपर टेकवलंस. सुतार दारातून म्हणाला, "उंची बरोबर आहे ना? तुमची खोली आहे, तुम्हीच सांगा." बिचारा. त्याला काय माहीत.

तो खाली गेल्यावर तू विचारलंस, "हे घर माझ्यासाठी घेतलंत?"

मी म्हटलं, "हो."

"मला नको आहे."

"बरं," मी म्हटलं.

तू रागावली नव्हतीस. तू मला समजावून सांगत होतीस, पूर्वी नक्षीचं काम समजावायचीस तशी. म्हणालीस, "मला जुनी घरं अजूनही आवडतात. मोजायला, काढायला, दुरुस्त करायला. राहायला नाही. मी आता एका नव्या इमारतीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. खोल्या लहान आहेत आणि खिडकीसमोर दुसरी इमारत. भिंती इतक्या पातळ आहेत की शेजारी खोकला तरी कळतं. मी घर बघायला गेले तेव्हा आधी भिंतीवर टकटक केलं. म्हटलं, हे चांगलं आहे. इथे सगळं सगळ्यांना ऐकू जातं."

मी कठड्याला हात लावला नाही उतरताना. लाज वाटली.

खाली तू माझ्या हातचा चहा घेतलास आणि कप विसळून ठेवलास. मी विचारलं, "पुन्हा येशील का?" तू म्हणालीस, "माहीत नाही. येईन असं धरून चालू नका." मी म्हटलं, "नाही धरणार." तू रस्त्याच्या वळणापर्यंत गेलीस. मी दारातच थांबले, मागे येऊ नये एवढं मला कळतं.

काल तुझ्या बाबांचा फोन आला. म्हणाले, चार दिवस राहिली. फार बोलली नाही. पण माझे डोळे तपासून घ्यायला मला दवाखान्यात घेऊन गेली. हे सांगताना त्यांचा आवाज असा होता की मीच फोन ठेवला, त्यांना नीट रडता यावं म्हणून.

मुलानं परवा एक निरोप पाठवला. "औषधं संपली असतील, कुरिअरनं पाठवतोय." मी उत्तर लिहिलं, "औषधं माझी मी आणीन. तू कोणाकडे तरी जाऊन बोल, तुझा हात उठतो त्याबद्दल. मी बरोबर येईन." अजून त्याचं काही आलेलं नाही. येईल की नाही, सांगता येत नाही. मी त्याची आई आहे, ते काही सुटत नाही. पण यापुढे त्याच्यासाठी मी न ऐकल्यासारखं करणार नाही.

वरची खोली मी घेतली. आरामखुर्ची तिकडे नेली. उजेड खरंच चांगला आहे, इतक्या वर्षांनी सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला. सुताराचं काम परवा संपलं. हत्यारं पिशवीत भरून निघताना दाराशी वळून त्यानं पूर्ण घर एकदा बघितलं आणि म्हणाला, "बाई, घर बरं झालं." त्याच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

तर घर झालं. ज्यांनी बांधलं त्यांना ओळखू येईल इतपत झालं. मला वाटलं होतं, ते पूर्ण झालं की त्यात काहीतरी परत येईल. तसं होत नसतं, हे तू मोजपट्टी न लावता दोन मिनिटांत सांगितलंस.

तू तुझ्या पातळ भिंतींच्या घरात सुखानं राहा. शेजाऱ्यांच्या खोकल्यानं झोपमोड होऊ दे. मला तुझी फार आठवण येते, इंची. एवढंच लिहायचं होतं. त्याला मला पाच महिने आणि एक अख्खं घर लागलं.